पन्नासची की सत्तरची

अमेरिकेतली कंट्री गाणी पन्नासच्या दशकातली चांगली की सत्तरच्या, यावर हयग्रीव आणि मी त्याच्या जयलक्ष्मीपुरमच्या घराच्या व्हरांड्यात तीस वर्षं भांडत आलो. उद्या त्याच्या हृदयाचं ऑपरेशन. फाटकातच तुंगावहिनींनी गाठलं. “भावजी, आज सुम्ने, उगाच आपलं, हो म्हणा. यांना जिंकू द्या.” मीही भांडून थकलो होतो. म्हटलं, “हयग्रीवा, तुझंच खरं. पन्नासचीच.” त्याच्या हातून कॅसेट पडली. “डॉक्टर तुला काय बोलले?” “काही नाही.” “मग तू हरलास कसा?” त्याचे ओठ पांढरे पडले. मी सावरलो. “थट्टा केली! टेक्सासच्या एका म्हाताऱ्या गायकाचं पत्रच आहे माझ्याकडे, एकोणऐंशी सालचं. सत्तरचीच श्रेष्ठ, लिहिलंय त्यानं.” “अय्यो, खोटारड्या! ऑपरेशन होऊ दे, पत्र बघतोच तुझं!” घरी येऊन मी कोरा कागद कॉफीच्या डिकॉक्शनमध्ये बुडवला आणि तो जुना व्हायची वाट बघत बसलो.