मागचा लाल लाईट

"शाळेतला काय कामाला येतो आयुष्यात?" असं बाबांना तोंडावर ऐकवून निकेतने नववीतच दप्तर फेकलं होतं. परवापासून गाडीचा ब्रेक न दाबताच मागचा लाल लाईट पेटून राहायला लागला, तेव्हा बाबा म्हणाले, "तू विझवून दाखव, मंग खुशाल गॅरेजला कामाला जा. न्हाय जमला तं सोमवारी गुपचूप शाळा."

निकेतने पायाखालच्या मॅटवरचा प्लॅस्टिकचा चुरा झटकला. "गाडीत काय काय खातेस गं!" म्हणून बहिणीवर, प्राप्तीवर डाफरला. मग स्टीअरिंगखाली उताणा शिरून त्याने ब्रेक पेडलचा नवा स्विच बसवला. लाईट तसाच! उरणला जाऊन अजून एक स्विच आणला. तरी तसाच!

मान पुरती अवघडली, तेव्हा कुठे त्याला पेडलवरचं भोक दिसलं. ब्रेक सोडलेला असताना स्विचला दाबून धरून लाईट विझलेला ठेवणारी प्लॅस्टिकची चकती तिथे असते. मघाशी त्याने झटकला तो तिचाच चुरा. घरभर धुंडाळून त्याने एक बटण आणलं, भोकावर चिकटवलं आणि लाईट विझला.

बाबांनी वाकून निरखलं. "बटण कुठला रं ह्यो?"



कधी नव्हे तो निकेतचा आवाज बारीक झाला. "शाळेच्या शर्टाचा."