काळा पावटा

मिक्कोसच्या शेतात गहू थ्रासोनच्या छातीला लागत होता. थ्रासोनने एक लोंबी तोडून तळहातावर चोळली आणि त्याच्या पोटात दुखायला लागलं. बेटावरच्या त्यांच्या वडिलांच्या शेतात अजूनही दगड बाजूला करून जव शोधावे लागत.

"हे सगळंच तुझं?"

"ओढ्यापर्यंत," धाकटा म्हणाला. "पलीकडे द्राक्षं आहेत. दादा, चल आता. देवाचं खोळंबलंय."

बेटावरच्या लोकांनी इकडे सिसिलीत हे नगर वसवलं, त्या दिवसाच्या सणाला दरवर्षी बेटावरून एक माणूस मानाने बोलावला जाई. यंदा थ्रासोन आला होता. सतरा वर्षांनी भाऊ भेटला म्हणून त्याला आनंद झाला होता, नाही असं नाही. पण तो भावाचं कौलारू घर दिसेपर्यंतच टिकला. जेवताना भावजय अर्खिप्पे म्हणाली होती, "लाजू नका भाऊजी, घ्या अजून. गव्हाचीच भाकरी आहे, रोजचीच." ते 'रोजचीच' त्याला कालपासून टोचत होतं.

अपोलोच्या वेदीपाशी सारं गाव जमलं होतं. बैल कापून झाला, मांडीची हाडं चरबीत गुंडाळून देवाला जाळली. मग पुजाऱ्याने रिवाजाप्रमाणे मूळ गावच्या पाहुण्याला दोन शब्द बोलायला सांगितलं. थ्रासोनने बेटाचे आशीर्वाद पाठ करून आणले होते. तोंडातून निघालं भलतंच.

"मिक्कोसचं शेत माझं आहे."

"पाहुण्यांनी पाणी न घालताच घेतलेली दिसतेय!" कुणीतरी ओरडलं. सगळे हसले.

"हसा! ज्या घरात दोन मुलगे, त्यातल्या एकाने इकडे यायचं, असं ठरलं होतं ना? मडक्यातून पावटे काढले. काळा निघेल तो जाणार, पांढरा निघेल तो राहणार. काळा माझ्या हाती आला होता. मी तो गुपचूप याच्या मुठीत कोंबला. विचारा त्याला! देवाचा कौल मला होता, म्हणजे जमीनही माझी."

हसणं थांबलं. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. इथली प्रत्येकाची जमीन त्या कौलावरच उभी होती. तो खोटा ठरला तर मिक्कोसला शेत सोडावं लागणार, हे तिथल्या पोरासोरांनाही कळत होतं.

"खरं का रे, मिक्कोस?" पुजाऱ्याने विचारलं.

"खरं आहे. काळा दादाचाच होता."

अर्खिप्पेने कपाळाला हात लावला. "गप्प बसवत नाही का तुम्हाला?"

थ्रासोनचा चेहरा उजळला. पण मिक्कोस त्याच्याकडे वळला.

"दादा, दुसऱ्या वर्षी आम्ही बियाणंसुद्धा खाऊन संपवलं आणि बेटावर परत आलो. बंदराच्या भिंतीवर अख्खं गाव गोफणी घेऊन उभं होतं, कुणाला उतरू देईना. मी नावेतून ओरडलो, दादा, काळा तुझा होता, सांग ना यांना! तू काय म्हणालास?"

पुढचं मिक्कोसनेच सांगितलं.

"अपोलोची शपथ घेतलीस. म्हणालास, 'खोटारडा आहे, काळा त्याचाच.' आणि पहिला दगड तूच भिरकावलास."

देवाची शपथ झाली म्हणजे संपलं; काळा मिक्कोसचा, जमीनही त्याचीच. पुजाऱ्याने घसा खाकरला. आता मागे-पुढे करण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याने सुरी घेतली, भाजलेल्या बैलाच्या पाठीचा सगळ्यात चांगला तुकडा कापला आणि तो मूळ गावच्या माणसाच्या हातांत ठेवला.

तुकडा गरम होता. चरबी थ्रासोनच्या मनगटांवरून कोपरांपर्यंत ओघळली, तरी तो तसाच उभा राहिला. माणसं ताटल्या घेऊन त्याच्याकडे बघत होती. मागे एक लहान मूल भुकेने रडायला लागलं.

मिक्कोस जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला,

"खा, दादा. तुझ्या तोंडात घास गेल्याशिवाय इथं कुणाला खाता येत नाही."