चौकटीपुरती सही

"थांब. पातं बाजूला घे," बाई म्हणाल्या.

फ्रेमवाल्याने हात वर धरला. स्टीलची पट्टी मात्र पत्रावर तशीच राहिली, सहीच्या बरोबर वरच्या कडेला. प्राचार्यांच्या टेबलावर चाळीस चौकटी रचून ठेवल्या होत्या. प्रत्येकीत वर एखाद्या संशोधकाचा नाहीतर ध्रुवापर्यंत जाऊन आलेल्या प्रवाशाचा फोटो, आणि खाली सहीपुरती रिकामी जागा. दोन इंच उंच, चार इंच रुंद.

"सही तेवढी हवीय, बाई," प्राचार्य म्हणाले. "भिंतीवरची पत्रं कोण वाचत बसतंय? आणि उद्या दालनाचं उद्घाटन आहे. आता ऐन वेळी खोडा घालू नका."

बाईंनी याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं काचेच्या नळ्या धुतल्या, कापल्या, मांडल्या. मधल्या सुट्टीत त्या जगभरच्या मोठ्या माणसांना पत्रं लिहीत. नुसती सही मागणारे छप्पन्न असतात. बाई विचारायच्या, 'तुमचं काय फसलं?' म्हणून तर एवढाल्या लोकांनी वेळ काढून उत्तरं धाडली. ती पत्रं आपल्यामागे पोरांनी वाचावीत, एवढीच त्यांची आस होती. त्या आशेनेच आज सकाळी त्यांनी सगळ्या फायली कॉलेजला देऊन टाकल्या होत्या.

प्राचार्यांनी पट्टीखालचं पत्र पुढे ओढलं. "आता हेच बघा. पंपाचा शोध लावणारा माणूस, केवढं नाव! आणि सही? पहिलीतल्या पोराने गिरवल्यासारखी. लोक हसतील."

"वरचं पत्र कापून टाकल्यावर हसतीलच." बाईंनी कागद उचलला आणि वाचायला लागल्या, "'सतरा पंप फुटले. अठराव्याने माझ्या उजव्या हाताची तीन बोटं नेली. हे डाव्या हाताने लिहितोय, अक्षर चालवून घ्या. एकोणिसावा पंप चालला.'"

फ्रेमवाल्याने पातं टेबलावर ठेवून दिलं आणि उगाचच बोटं चोळली.

"ते ठीक आहे हो," प्राचार्य म्हणाले, "पण पोरांसमोर यश ठेवावं. फुटके पंप काय दाखवायचे?"

"सर, नळी फुटली की तुमची पोरं तुकडे रुमालात गुंडाळून माझ्याकडे यायची, रडत. तुमच्याकडे कधी कोणी आलं? त्यांना काय दाखवायचं ते मला कळतं."

प्राचार्य जरा वरमले. मग गोड आवाजात म्हणाले, "दालनाच्या दाराशी तुमच्या नावाची पितळी पाटी लावतोय. तुमचं नाव, आमच्या नावाच्याही वर."

"सुरी सोन्याची आहे म्हणून कोणी उरात खुपसून घेत नाही."

गोडी तिथेच संपली. प्राचार्यांनी खणातून एक कागद काढून समोर ठेवला. "मग हे बघा. दानपत्र. सकाळी तुम्हीच सही केलीत. शिक्का मारायचा राहिलाय, तो आत्ता मारतो. पत्रं आता कॉलेजची. कॉलेज ती कापेल नाहीतर त्यांचे पतंग करेल."

बाईंना स्वतःचाच संताप आला. जन्मभर परक्यांची पत्रं ओळ न् ओळ वाचली, आणि स्वतःचा कागद मात्र आनंदाच्या भरात न वाचताच सही करून दिला! त्यांनी दानपत्र हातात घेतलं आणि आता सावकाश वाचलं, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. प्राचार्य शिक्क्याची डबी शोधत होते.

बाईंनी कागद टेबलावर पसरला. फ्रेमवाल्याची पट्टी त्यावर ठेवली, पातं उचललं. वरून एक रेघ, खालून एक, दोन बाजूंना दोन. काच कापायची सवय असलेला हात, तो कुठेही चळला नाही.

"अहो! अहो, हे काय करताय?" प्राचार्य धडपडत उठले, पण मध्ये चौकटींची चळत होती.

बाईंनी आपल्या सहीचा तुकडा दोन बोटांनी उचलून सगळ्यात वरच्या चौकटीत ठेवला. उरलेलं दानपत्र चुरगाळून पर्समध्ये टाकलं. पंपवाल्याचं पत्र फायलीत गेलं आणि टेबलावरच्या सगळ्या फायली त्यांनी छातीशी घेतल्या.

"ही घ्या माझी सही," त्या म्हणाल्या. "मजकूर तुम्हाला लागत नाहीच."

फ्रेमवाल्याने चौकटीवर पट्टी लावून पाहिली, एकदा आडवी, एकदा उभी.

"मापात आहे, सर," तो म्हणाला.