मिठाची वाटी

मलावीतल्या एका खेड्यात, आंब्याखाली अंथरलेल्या चटईवर सात वर्षांची तिसुंगे मान खाली घालून बसली होती. मलेरिया मेंदूत शिरला होता, तरी ती वाचली. अशा मुलांची बुद्धी कितपत शाबूत राहते, हे शोधायला डॉक्टर चिसोमो आल्या होत्या. त्यांनी चित्रांची सगळी कार्डं मांडली; पोरीने एकालाही बोट लावलं नाही. येत नसेल, की परक्या बाईपुढे लाजत असेल? डॉक्टरांना उलगडेना.

"तुम्हाला काय वाटतं?" त्यांनी तिच्या आईला विचारलं.

"काय सांगू, डॉक्टरीणबाई? पोर हुशार आहे की नाही, ते आमच्याकडे त्याला कामाला धाडल्यावर कळतं. आजारापासून हिला कुठे धाडलंच नाही मी."

"का?"

"रिकामी परत आली तर?" आई पुटपुटली.

डॉक्टरांचं कुतूहल चाळवलं. त्यांनी कार्डं गोळा केली. "आज धाडून बघू या ना."

आईने पोरीच्या हातात वाटी दिली. "शेजारून मीठ आण."

शेजारचं घर हाकेच्या अंतरावर, तरी पोरगी येईना. चुलीवरची भाजी शिजली, अळणीच खाली उतरली. आईची नजर वाटेवरून हटेना, आणि डॉक्टरांचीही.

अखेर ती आली, वाटी छातीशी धरून. "शेजारी मीठ नव्हतं, म्हणून विहिरीपलीकडच्या आत्याकडे गेले. येताना बकऱ्या मीठ चाटायला मागे लागल्या, मग लांबच्या वाटेने आले."

आईने वाटी घेतली, क्षणभर तोंड फिरवलं आणि पूर्वीसारखी खेकसली, "एवढा उशीर लावतात? जा, आता पाणी आण!"