आठ दिवसांची धार

धारवाल्याने मेन्यूकार्ड उघडलंच नाही. वेटरकडे न बघता तो म्हणाला, “आधी एक कांदा चिरून आणा. बाकीचं मग बघू.”

“अरे, मी काय कांदा खायला चार तास गाडीत बसून आले?” ताई म्हणाली. थोरली बहीण होती, बोलायचा हक्क होता. या हॉटेलात यायचा हट्टही तिचाच. तिच्या भाचीने, म्हणजे धारवाल्याच्या मुलीने, फोनवर इथल्या डाळीचं फार कौतुक केलं होतं. ती भाची आता समोर बसून पाण्याच्या ग्लासाशी खेळत होती.

आपल्या पद्धतीचं जेवण देणारी आठ हॉटेलं त्या भागात होती. कुठे जेवायचं, हे लोक आधी धारवाल्याला विचारत. तो नुसतं हॉटेल सांगत नसे, काय मागवायचं तेही सांगे. त्याचं शास्त्र सोपं होतं. ज्यांच्या सुऱ्या दर आठ दिवसांनी त्याच्या कोपऱ्यावरच्या दुकानात धारेला येतात, तिथे रोज ताजं चिरलं जातं. तिथे भाजी डोळे झाकून मागवावी. ज्यांच्या सुऱ्या येतच नाहीत, ते पाकिटं फोडतात. तिथे पापडसुद्धा मागवू नये. या हिशेबाने तीन हॉटेलं पास होती आणि पाच नापास. हे त्या पाचांतलं. चार महिन्यांत इथून एकही सुरी आली नव्हती, आणि ही गोष्ट त्याने चारचौघांत छातीठोकपणे सांगितली होती. आज जेवण चांगलं निघालं, तर त्याच्या शब्दाला यापुढे कोण विचारणार?

कांदा आला. धारवाल्याने एक चकती उचलून दिव्यापुढे धरली. आरपार दिसत होतं. कडा कुठे चेचलेली नाही, ताटलीत पाण्याचा थेंब नाही. नाकाजवळ नेली, तरी डोळे चुरचुरले नाहीत. बोथट सुरी कांदा चिरत नाही, चिरडते. ही सुरी चांगलीच धारदार होती.

“काय रे, तोंड का पडलं?” ताईने विचारलं.

तेवढ्यात गल्ल्यावरच्या मालकीणबाई टेबलाशी आल्या आणि मुलीकडे बघून हसल्या. “अगं, आज जेवायला? मला वाटलं सुऱ्या न्यायला आलीस. त्या तर अजून मस्त चालल्यात.” मग धारवाल्याकडे वळून म्हणाल्या, “काय हात आहे हो पोरीचा! आधी कोपऱ्यावरच्या दुकानात द्यायचो. आठ दिवसांत बोथट. हिची धार महिना महिना जात नाही.”

मुलगी खाली मान घालून म्हणाली, “बाबा...”

हेच ते कोपऱ्यावरचे धारवाले, हे कळून मालकीणबाईंनी जीभ चावली. पण जे बोलायचं ते बोलून झालं होतं.

“तू तर सकाळी पोहायला जातेस ना?” धारवाल्याने विचारलं. मुलीच्या जातीने धारेच्या दगडाला हात लावायचा नाही, असं त्यानेच तिला बजावलं होतं. त्याआधी लहानपणी धार लावायला शिकवलंही त्यानेच होतं.

“पिशवीत टॉवेल नसतो, दगड असतात,” ती म्हणाली. “दोन वर्षं झाली बाबा, तुम्हाला चाकावरची ठिणगी नीट दिसत नाही. तुम्ही जास्त दाबता, पातं तापतं, धार टिकत नाही. एकेक करून पाच हॉटेलं सोडून चालली होती. बाहेरच्याकडे जाण्यापेक्षा त्यांचं काम मीच घेतलं. उरलेली तीन जुन्या ओळखीखातर येतात.”

पाच. धारवाल्याला मोजायची गरज पडली नाही. दर आठ दिवसांनी येणाऱ्या त्या सुऱ्या ताज्या भाजीमुळे येत नव्हत्या. त्याच्यामुळे येत होत्या. सगळ्या भागाला तो दोन वर्षं ठामपणे उलटं सांगत आला होता.

त्याला लाज वाटली. रागही आला. त्याने ती चकती पुन्हा दिव्यापुढे धरली आणि बराच वेळ बघत राहिला. असं काम त्यालाही भरात असताना रोज जमत नसे. आपण शिकवलेला हात आपल्या पुढे गेलाय, हे त्याला दिसलं आणि ऊर भरून आला. त्याने कांदा तोंडात टाकला, सावकाश चावून खाल्ला आणि ताठ बसला.

“बाई, सुऱ्या पुन्हा कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवा,” तो नेहमीच्या ठणठणीत आवाजात म्हणाला. “उद्यापासून तिथे ही बसणार आहे. आणि आज आम्ही काय खायचं, तेही हिलाच विचारा.”