तीन किलो

कॅन्सरमुळे डावा स्तन काढून तिथे इम्प्लांट बसवल्याला चार महिने झाले होते. शैलजा बिरनाळे भर दुपारी जिममध्ये आली, कारण तेव्हा तिथे व्यायामाला कोणी नसायचं. एकेकाळी ती जिल्हा स्पर्धेत साठ किलो बेंच प्रेस करायची. आता डॉक्टरांनी फक्त तीन-तीन किलोच्या डंबेल्सची परवानगी दिली होती.

बाकावर आडवं होऊन डंबेल्स वर उचलताना सहाव्याच वेळी डावा हात थरथरला. तिला स्वतःचीच लाज वाटली. डंबेल्स खाली ठेवून ती निघाली.

"ताई, तुमच्यावानी माझंबी छातीचं ऑपरेशन हाय सोमवारी," आरसे पुसणाऱ्या कुंदाबाई हळूच म्हणाल्या. "लेकीचं बाळंतपण चार महिन्यांवर आलंय. तवर बाळाला उचलून घेता येईल न्हवं?"

शैलजाला नुसतं 'हो' म्हणवेना. ती परत बाकावर आडवी झाली आणि मोठ्याने मोजू लागली. हात पुन्हा थरथरला, पण दहापर्यंत ती थांबली नाही.

"चार महिन्यांनी हे असं जमतं," ती उठत म्हणाली.

कुंदाबाईंनी एक डंबेल दोन्ही हातांत घेऊन तोलून पाहिला.

"बाळ एवढंच असतंय," त्या म्हणाल्या.