शेवटच्या रांगेपर्यंत

"इंजिनं बंद! सगळ्यांनी बाहेर पडा!"

तिनं हुकूम सोडला आणि लाउडस्पीकर सेकंद मोजू लागला. विमान खोटं होतं, शेडमध्ये कायमचं उभं केलेलं. धूरही खोटाच. भीती मात्र शंभर नंबरी खरी. कॅप्टन होण्याची ही तिसरी आणि शेवटची परीक्षा होती. पहिल्या वेळी तिनं इंजिनं बंद करायच्या आधीच दारं उघडायला लावली. दुसऱ्या वेळी सगळं बरोबर केलं, पण ठरलेल्या नव्वद सेकंदांवर बारा जास्त लागले. आज नापास झाली तर जन्मभर सहवैमानिकाच्या उजव्या खुर्चीत, दुसऱ्याच्या हाताखाली.

घसरगुंडीवरून माणसं धडाधड उतरू लागली. प्रवासी कमी पडले म्हणून ऑफिसातल्यांच्या घरचेही बोलावले होते. तिची आईसुद्धा आली होती, मांडीवर पर्स घट्ट धरून. "तुझ्या विमानात एकदा तरी बसू दे की गं," म्हणाली होती.

साठ. सत्तर. नियम साधा होता: कॅप्टननं प्रत्येक रांगेला हात लावत शेपटापर्यंत जायचं, मगच उतरायचं. ती धुरात शिरली. डोळे झोंबत होते. मधल्या दारापाशी पोचेपर्यंत ब्याऐंशी झाले. मागच्या वेळचे ते बारा सेकंद तिच्या मानगुटीवरच बसले होते.

"कोणी आहे का?" ती जीव खाऊन ओरडली.

कोणी ओ दिली नाही. तिनं मधल्या दारातून उडी मारली.

अठ्ठ्याऐंशी! टाळ्या पडल्या. तिनं आनंदानं परीक्षकांकडे बघितलं. त्यांना सगळे पाठीमागे 'घड्याळ' म्हणत, कारण परीक्षेत त्यांची नजर हातातल्या घड्याळावरून हलत नसे. आज ते विमानाच्या शेपटाकडे बघत होते.

उतरलेल्या गर्दीत तिनं एकच चेहरा शोधला. पुन्हा शोधला.

जिना चढून ती आत धावली. अगदी मागच्या रांगेत, खुर्च्यांच्या मधे, आई जमिनीवर पडली होती. पर्स छातीशी, डोळे गच्च मिटलेले. तिनं आईचा खांदा हलवला.

आईनं एक डोळा किलकिला केला.

"सर म्हणाले, लेकीची परीक्षा आहे, कोणी हात लावेपर्यंत बेशुद्ध पडून राहा. तुझी हाक ऐकली गं, पण हूं की चूं केलं नाही. झालीस ना पास?"